उतरायचे कुठे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत इमॅजिकाला जायचे, हे आमच्या घरात एका मिनिटात ठरले. नातवाने मागणी केली, नातीने त्याला मोठ्या आवाजात अनुमोदन दिले, आणि ठराव मंजूर झाला. त्यानंतर तीन आठवडे घरात जे वाद पेटले ते एकाच प्रश्नावरून. उतरायचे कुठे?

आमचे चिरंजीव रोज रात्री जेवण झाले की मोबाइल घेऊन बसत आणि हॉटेलांची चित्रे दाखवीत. प्रत्येक हॉटेलात निळे पाणी होते, पांढऱ्या चादरी होत्या, आणि चादरींवर टॉवेलांचे बदक करून बसविलेले होते. त्यांचा ओढा लोणावळ्याकडे. "हवा थंड, खिडकीतून दरी दिसते. सकाळी घाट उतरला की खोपोली आलीच!" सूनबाईंना पोहण्याचा तलाव हवा होता. सौ.ला फक्त एवढेच विचारायचे होते की, खोलीत मुगाची खिचडी टाकता येईल का. खोपोली गावातल्या लॉजचे नाव मी काढले, पण ते स्वस्त आहे एवढ्याच कारणावरून सर्वांनी त्याच्याविषयी संशय घेतला. उद्यानाला लागूनच नोव्होटेल आहे. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि मागोमाग दोन वर्षांनी हे हॉटेल आले. त्याचे भाडे ऐकून चिरंजीवांनी मोबाइल उशीवर पालथा घातला.

मी म्हटले, "दरी राहू दे. दुपारी अडीच वाजता धाकटी कुठे झोपणार, ते आधी सांग."

या प्रश्नाचे उत्तर मोबाइलमध्ये नव्हते.

तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला हॉटेलांतले काय कळते? हॉटेलांतले नाही कळत. पण उतरायला आलेली माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. आमचा वाडा पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. नाशिकला येणाऱ्या यात्रेकरूला त्या काळी कुठे उतरायचे हा प्रश्नच पडत नसे. तो नाशिकरोडला उतरला, गाव आणि आडनाव त्याने सांगितले, की त्याच्या घराण्याचा उपाध्याय कोण ते ठरलेच. उपाध्यायाच्या वहीत त्याच्या आजा-पणजाच्या नोंदी असत. कोण केव्हा आले, कोणाचे श्राद्ध केले, बरोबर कोण होते, सगळे लिहिलेले. मग तो त्या उपाध्यायाच्या वाड्यात बिऱ्हाड टाकी. भाडे म्हणून काही नसे. जाताना जी दक्षिणा ठेवील ती.

जाजमे झटकणे, बंबात ढलप्या सारणे आणि आलेल्या मंडळींना जागा दाखवणे, ही माझी कामे. त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ज्यांच्याबरोबर लहान मूल असे, ती माणसे तीनच गोष्टी विचारीत. दूध कुठे मिळेल? मोरी किती लांब आहे? ओले कपडे वाळत कुठे घालायचे? आमच्या माडीच्या खिडकीतून गोदावरी दिसे. पण कडेवर मूल असलेल्या एकाही बाईने मला कधी गोदावरी दिसते का म्हणून विचारलेले आठवत नाही.

एका श्रावणातली गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. संध्याकाळी भर पावसात खानदेशाकडचे एक जोडपे दोन मुलांना घेऊन आले. धाकट्याला जुलाब होत होते. तो आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. चौकाला लागून, मोरीशेजारी आमची एक खोली रिकामी होती. पण दुसऱ्या दिवशी एक मोठे यजमान येणार होते, आणि ती त्यांच्यासाठी झाडून, कुलूप लावून ठेवलेली. वडील मला म्हणाले, "यांना माडी दाखव." आमचा जिना अंधारा आणि इतका उभा की धरायला वरून दोर सोडलेला होता.

त्या रात्री ती बाई सात-आठ वेळा तरी खालीवर झाली. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात मूल. दोर कशाने धरीत होती कोण जाणे. मी ओसरीवर झोपलो होतो. तिचे प्रत्येक पाऊल मला ऐकू येत होते. आणि त्या बंद खोलीची किल्ली माझ्या डोक्यावर, खुंटीला टांगलेली होती. उठावे, कुलूप काढावे, असे मनात आले. एकदा मी उठून बसलोही. पण वडिलांना उठवून विचारण्याचा धीर झाला नाही, आणि न विचारता उघडण्याचा तर त्याहून नाही. पहाटे ती शेवटची उतरली तेव्हा माझ्याशी थबकून म्हणाली, "झोपमोड झाली ना रे दादा तुझी?"

ते मोठे यजमान चार दिवसांनी आले.

राहण्याचा हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. त्यात राजवाडा होता, आगगाडी होती, पण लोकांच्या मुक्कामासाठी हॉटेल बांधायला त्याच्याजवळ पैसे उरले नव्हते. म्हणून त्याने जॅक रॅदर नावाच्या दूरचित्रवाणी-निर्मात्याला गळ घातली आणि त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेलँड हॉटेल सुरू केले. नाव डिस्नेचे, मालकी रॅदरची! ते परत मिळवायला डिस्नेच्या कंपनीला १९८८ साल उजाडले. फ्लोरिडात मात्र त्यांनी आधीच सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन ठेवली, आणि १९७१ साली उद्यानाबरोबर हॉटेलेही उघडली.

तर मी नोव्होटेलला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी होती. खोलीतून काय दिसायला हवे, असे तिने विचारले. मी म्हटले, "बाई, मला न्हाणीघर दिसले तरी पुरे." मग माझे तिन्ही प्रश्न मी क्रमाने विचारले. कपडे वाळवण्याच्या प्रश्नाला ती हसली, पण उत्तर तिने नीट दिले.

बोलता बोलता खरी मेख कळली. हॉटेलांचा दिवस आपल्यासारखा उजाडत नाही. तो दुपारी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच मावळतो. एकच रात्र घेतली, तर नेमक्या उद्यानाच्या दिवशी अडीच वाजता खोली आपली नसते! सामान ठेवून घेतात, पण मूल काही सामानात ठेवता येत नाही. म्हणजे लहान मुलांच्या घरी खोली घ्यायची ती रात्रीच्या नव्हे, दुपारच्या हिशेबाने. आदल्या दिवशी पोहोचायचे, मधला अख्खा दिवस खोली हाताशी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी निघायचे. दोन रात्री. चिरंजीवांनी पुन्हा मोबाइल पालथा घातला.

शेवटी आम्ही भाड्याची मोटार रद्द केली. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने कल्याण, तिथून कर्जत, आणि कर्जतहून खोपोलीची लोकल. मोटारीचे वाचलेले सगळेच्या सगळे हॉटेलला गेले. वर सौ.ने भिशीतून थोडे घातले, आणि खिचडीचा आग्रह सोडला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशने नातवाने इतक्या मोठ्याने म्हटली की, डब्यातल्या भाजीवाल्या बायका पुढचे स्टेशन त्यालाच विचारू लागल्या.

उद्यानाचे वर्णन मी करीत नाही. ते नातवाकडून ऐकावे. तिथे पाळण्यांना उंचीची अट असते. एका मोठ्या पाळण्यापाशी पट्टीला टेकून उभा राहिला तेव्हा तो कमी भरला. टाचा उचलून पाहिल्या, केस फुगवून पाहिले, मग रडला. पाच मिनिटांनी दुसऱ्या पाळण्यात तोच ओरडत होता.

सव्वादोनला धाकटी रस्त्यातच बसली. फुगा नको, पाणी नको, आई नको. मी तिला खांद्यावर घेतले. "आत्ता कुठे परत जाता, बाबा?" सूनबाई म्हणाल्या. पण तोवर मी फाटकाकडे निघालो होतो.

हल्ली हॉटेलची किल्ली म्हणजे पत्त्याच्या पानाएवढे एक कार्ड असते. दाराला लावले की हिरवा दिवा लागतो. बुटांसकट ती झोपली. बूट काढले, ओला फ्रॉक काढून वाळत घातला आणि खुर्ची ओढून बसलो. अधूनमधून लांबून मुलांच्या किंकाळ्या येत होत्या. त्यातली आपल्याची कोणती, ते मी ओळखण्याचा प्रयत्न करीत होतो.

चार वाजता तिने डोळे उघडले.

"आजोबा, तू नाही झोपलास?"

"नाही. किल्ली माझ्याजवळ होती ना."

तिला त्यातले काही कळले नाही. तिने दूध मागितले.