दोन बुचं

राणीसावरगावात आमच्या घरामागं, चिंचेखाली, ती कित्येक वर्षं एका अंगावर कलून पडली होती. कधी तिच्यात गोवऱ्या, कधी पऱ्हाट्या. एका उन्हाळ्यात कोंबडीनं पिलंही काढली. घरात तिचं नाव ‘मिल्ट्रीची ट्रॉली’. आजोबांनी हैदराबादेच्या लिलावात डिस्पोजलची जीप घेतली, तिच्यामागं ही आली. दुसरं महायुद्ध संपून लष्कराच्या गाड्या निकाली निघत होत्या, आणि परभणीकरांना तेव्हा राजधानी हैदराबादच होती. जीप माझ्या जन्माआधीच विकली गेली. ट्रॉलीला गिऱ्हाईक मिळालं नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती नीट करायला घेतली. चाकं जीपचीच, सोळा इंची. नट जाम झालेले. रॉकेल पाजून दोन दिवस ठेवल्यावर हलले. कमानपाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट. रंग खरवडताना वर लाल, त्याखाली बैलगाडीला देतात तो निळा, मग चंदेरी, आणि सगळ्यांत तळाशी शेवाळी हिरवा. भारतीय लष्कराच्या गाडीच्या क्रमांकात आधी वर रोखलेला बाण असतो, पुढं खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे. तो बाण चारही अंगांना शोधला, नव्हता. पुढच्या पत्र्यावर मात्र पॉलिश पेपर अडखळला. थिनरची चिंधी फिरवत गेलो, तसा रंगाचा पापुद्रा सुटला आणि बोटाला अक्षरं लागली: बँटम, बटलर, पेनसिल्व्हेनिया.

नाव कळल्यावर कुळ शोधणं आलंच. 1940 साली अमेरिकी लष्कराला चारही चाकांनी ओढणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या या छोट्या कंपनीनं 23 सप्टेंबरला पहिली गाडी नेऊन उभी केली. पण कारखाना लहान. लष्करानं तिचे आराखडे विलिज आणि फोर्डलाही दिले, आणि त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. बँटमच्या वाट्याला अडीच हजारांहून थोड्या जास्त जीपा आल्या, आणि मग या पाव टनी ट्रॉल्या. घर बांधणाऱ्यानं ओसरीवर निजावं, तसं झालं. जीप ज्यानं आधी घडवली, तो पुढं जीपमागं जोडायची ट्रॉली घडवत बसला.

गंगाखेडहून आलेल्या वेल्डरनं तळाला तीन ठिकाणी पॅच मारले. मग वाकून म्हणाला, “दादा, ही दोन भोकं राहिली की. पत्रा मारून टाकू?”

मी ‘मारा’ म्हणणार होतो, पण भोकांची कड फार गोल होती. गंज एवढं नीट काम करत नाही. रात्री जुनी पुस्तिका चाळली तेव्हा उलगडलं. ती पाणी काढून द्यायची भोकं. बुचं लावली की ट्रॉली होडीसारखी तरंगते. नदी आडवी आली तर सामानासकट पलीकडं नेता यावी म्हणून तिचं सगळं अंग पाणबंद केलेलं. मला हसूच आलं. आमचा हा बालाघाटाचा डोंगरपट्टा. ओढ्याला पाणी असतं तेच मुळी चार महिने. इथं तरंगायचं कशावर?

सकाळी आईला सांगितलं. ती हसली नाही.

“बुचं होती तिला,” ती म्हणाली. “बाभळीची. तुझ्या आजोबांनी तासली होती.”

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आई तेव्हा नवी नवरी. आडाला खरडूनही पाणी निघेना, पिंपं मिळेनात. आणि मिळाली असती तरी काय? या ट्रॉलीनं रानवाटेनं न्यायचं ओझं सव्वादोनशे किलोंचं. दोनशे लिटरचं एक पिंप ठेवलं की संपलं. आजोबांनी दोन खुंट्या तासल्या, चिंध्या गुंडाळून भोकांत ठोकल्या आणि पिंपाचा नादच सोडला. जीपला अडकवायच्या कडीत दांडी बसवली, दांडीवर जू. दोन कोसांवरच्या विहिरीतून ट्रॉलीच पाव भरून आणायची. हिंदकळू नये म्हणून पाण्यावर निंबाचे डहाळे पसरायचे. पाण्याला दिवसभर कडवट वास यायचा, आई सांगत होती. दुष्काळी कामावर मजुरीला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची आणि घरी अमेरिकेच्याच ट्रॉलीतलं पाणी. त्या देशाचं नाव मात्र तिनं पुढं कितीतरी वर्षांनी ऐकलं.

नदी बाहेर ठेवायला घडवलेल्या पत्र्यानं आमची विहीर आत धरून ठेवली होती.

लेथवाल्याकडून दोन बुचं करून घेतली, रबरी वायसर घालून बसवली. आई घरातून कळशी घेऊन आली. मी म्हटलं, “अगं, रंग ओला आहे.” तिनं ऐकलं नाही. कळशी तळाला उपडी केली, ट्रॉलीच्या कडेला धरून सावकाश खाली बसली आणि भोकांखालच्या मातीवर हात ठेवून बघत राहिली.

बऱ्याच वेळानं हात उचलला. तळव्याला कोरडी धूळ लागली होती.