स्वर्गाच्या रस्त्यावर मोती

महाप्रस्थानिक पर्वांतला तो प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. द्रौपदी गेली, चौघे भाऊ एकामागून एक वाटेंत पडले आणि धर्मराजाच्या सोबतीला उरलें तें एक कुत्रें. इंद्र रथ घेऊन आला व म्हणाला, कुत्र्याला सोड आणि वर बैस. कुत्रें बाळगणाराला स्वर्गांत जागा नाहीं. धर्मराजानें रथांत बसण्याचें साफ नाकारलें. लहानपणीं ही कथा ऐकतांना तें कुत्रें म्हणजे साक्षात् यमधर्म होता, हें शेवटीं कळलें कीं आम्हांस मोठें हायसें वाटे. आतां वाटतें, तें कुत्रें नुसतें कुत्रेंच निघालें असतें तरी कथेला कांहीं उणें आलें नसतें.

कच्छच्या मोठ्या रणांतून धोलावीऱ्याहून खावड्याकडे जो नवा रस्ता झाला आहे, त्याला प्रवासी लोकांनीं 'स्वर्गाचा रस्ता' असें नांव दिलें आहे. गेल्या माघांत आम्ही उभयतां आमच्या मोतीला घेऊन त्या रस्त्यानें गेलों. जावयाचें ठरलें शुक्रवारीं रात्रीं नवाच्या सुमारास आणि शनिवारीं पहांटे पांचाला बडोद्याच्या दांडिया बाजारांतून आमची गाडी हललीसुद्धां. एरवीं डाकोरला जावयाचें असलें तरी आमच्या घरीं आठ दिवस आधीं याद्या सुरू होतात, हें आमच्या आप्तांस चांगलें माहीत आहे.

मोती कांहीं जातिवंत नव्हे. दहा वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत तो आमच्या जिन्याखालीं भिजत बसला होता, तो तेथेंच राहिला. दोन महिने तो मागच्या उजव्या पायानें लंगडत होता. त्या शुक्रवारीं संध्याकाळीं गुरांच्या डॉक्टरांनीं छायाचित्र पुढें धरून सांगितलें कीं, हाडांत गांठ आहे आणि ती वाईट जातीची आहे. पाय मुळापासून काढावा हें बरें. त्यानें निदान वेदना थांबतील. किती दिवस मिळतील हें सांगवत नाहीं. सोमवारपर्यंत विचार करा.

विचार करा म्हणणें सोपें असतें. आम्हांस तो पाय डोळ्यांपुढून हलेना. दहा वर्षें जिन्यावरून चौखूर उड्या टाकीत खालीं जाणाऱ्या जनावराला आपण अपंग करावयाचें, आणि तें त्याला विचारल्याशिवाय! उलट, पाय ठेवावा तर रात्रीं त्याचें कण्हणें ऐकवत नव्हतें. जेवणें झालीं, पानें तशींच पडलीं होतीं. मोती गोळी घेऊन नुकताच झोंपला होता.

सौ. म्हणाली, "अहो, दोन दिवस याच्याकडे असें बघत बसणें माझ्यानें व्हायचें नाहीं. कुठेंतरी चला."

"कुठें?"

"जिथें जिने नसतील तिथें."

जिने नसलेला प्रदेश म्हटल्यावर आम्हांस रण आठवलें. डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारलें. ते म्हणाले, न्या, पण दमवूं नका, आणि मीठ चाटूं देऊं नका.

अमदाबाद, विरमगाम मागें टाकून माळियाच्या पुढें गेलें कीं सूरजबारीचा पूल लागतो. येथें कच्छ सुरू होतें. दोहीं बाजूंस मिठागरें आणि मिठाचे पांढरे ढीग. मोतीनें खिडकींतून नाक बाहेर काढलें आणि तें पुढचे कित्येक कोस आंत घेतलें नाहीं. दर तासा-दीड तासानें थांबून त्याला पाणी पाजण्याचें काम सौ.नें आपल्याकडे घेतलें होतें. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांपुरता. बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितो, म्हणून त्याला पाणी आपल्या आधीं लागतें. वीस लिटरचा एक डबा आम्हीं नुसता त्याच्यासाठीं भरून घेतला होता. सामखियाळीहून रापर, रापरहून बालासर, लोद्राणी असें करीत, दोन-तीनदां वाट चुकत, दिवस मावळतां मावळतां आम्ही खदीर बेटावर धोलावीऱ्यास पोंचलों.

येथें इंद्र भेटला. एकदां नव्हे, दोनदां. दोन विश्रांतिगृहांच्या व्यवस्थापकांनीं आमचें अत्यंत आदरानें स्वागत केलें, चहा विचारला, आणि गाडींतून मोती उतरतांच तितक्याच आदरानें सांगितलें कीं, आपण उभयतां आनंदानें राहा, पण कुत्र्याची सोय येथें होणार नाहीं. धर्मराजाच्या इंद्रानें निदान रथ तरी आणला होता! अंधार पडला होता. शेवटीं गांवांतल्या एका शेतकऱ्यानें आमची गाडी तीनदां समोरून गेलेली पाहून हटकलें. सगळी हकीकत ऐकून त्यानें एकच प्रश्न केला, "करडतो नथी ने?" चावत नाहीं ना, एवढेंच त्याला हवें होतें. त्याच्या अंगणांत मातीचा एक गोल भुंगा होता, शंकूसारख्या छपराचा. सन २००१ च्या भूकंपांत कच्छांतलीं चिरेबंदी घरें कोसळलीं, पण असे पुष्कळ भुंगे उभे राहिले. त्या भुंग्यांत आम्ही तिघेंही झोंपलों. त्याच्या घरचीं दोन कुत्रीं रात्रभर दाराशीं येऊन मोतीची चौकशी करून जात होतीं.

सकाळीं प्राचीन नगर पाहिलें, पण आळीपाळीनें. एकजण बाहेर मोतीजवळ, एकजण आंत. हें स्थळ जगत्पति जोशी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत उजेडांत आणलें, पुढें रवींद्रसिंह बिष्ट यांनीं तेथें अनेक वर्षें उत्खनन केलें आणि २०२१ सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली. आमच्या लक्षांत राहिलीं तीं खडक खोदून केलेलीं भलीं मोठीं तळीं. मनसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांचें पाणी अडवून तीं भरीत. चोहोंकडे मीठ पसरलेलें, आणि चार-साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या नगराची सगळी बुद्धि गोडें पाणी सांठविण्यांत खर्ची पडलेली. आमच्या वीस लिटरच्या डब्याकडे आम्ही त्यानंतर अधिक आदरानें पाहूं लागलों.

खदीर बेट संपलें कीं रस्ता सरळ रणांत उतरतो आणि तीसएक किलोमीटर तसाच जातो. पावसाळ्यांत हें सारें पाण्याखालीं असतें. हिवाळ्यांत पाणी आटतें आणि मिठाचा थर उरतो. त्या दिवशीं एका बाजूला अजून उथळ पाणी होतें, त्यांत दूरवर रोहित पक्षी उभे होते. दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत कोरडें, पांढरें मीठ. आभाळ कोठें टेंकलें आहे तें ओळखूं येत नव्हतें. वाहनांची वर्दळ नव्हती. बांधाचा उतार जेथें सौम्य होता तेथें आम्हीं गाडी थांबविली आणि मोतीला दोरी बांधून खालीं नेलें.

तो प्रथम गोंधळला. रस्त्यावरचे खांब म्हणजे कुत्र्याचें वर्तमानपत्र. येथें ना खांब, ना झाड, ना दुसऱ्या कुत्र्याचा माग. त्यानें चार ठिकाणीं हुंगून पाहिलें आणि आमच्याकडे पाहिलें. मीठ चाटावयास जीभ काढली, तेव्हां सौ.नें त्याला दटावलें. मग त्यानें दुखरा पाय खालीं टेंकविला, लगेच वर उचलला, आणि पुन्हां टेंकविलाच नाहीं. बडोद्यास तो तसें कधीं करीत नसे. तेथें जिना असे, फरशी निसरडी असे, तोल सांवरण्यासाठीं बिचारा पाय टेंकी आणि विव्हळे. येथें सारी भूमि सपाट. तो थोडा चालला, मग दुडदुडला, मग दोरी सौ.च्या हातून निसटली आणि मोती धांवत सुटला.

"अहो, धरा त्याला!" असें म्हणत ती मागें धांवली, आम्हीही धांवलों. पन्नाशी उलटलेलीं दोन माणसें मिठावरून धांवत आहेत हें दृश्य पाहावयाला रोहित पक्ष्यांखेरीज कोणी नव्हतें, हें एक बरें झालें. मोतीनें मोठें वर्तुळ घेतलें, कान मागें पडलेले, शेपूट सरळ. डॉक्टरांनीं दमवूं नका म्हणून सांगितलें होतें, पण त्या क्षणीं तें मोतीला कोण सांगणार? मग तो आपण होऊन परत आला आणि धापा टाकीत सौ.च्या पायांशीं बसला.

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती खालीं पाहत होती. मिठाच्या ओलसर थरावर त्याच्या धांवेचे ठसे उमटले होते. तीन पावलांचे. जेथवर ते दिसत होते तेथवर तीनच. चौथ्याची खूण कोठेंही नव्हती.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. पाणी पाजलें, गोड्या पाण्यानें त्याचे पंजे बोटांच्या बेचक्यांपर्यंत धुतले, कारण मीठ तेथें बसलें कीं कातडें फाटतें.

खावड्याहून पुढें काळा डुंगर. उंची अवघी ४६२ मीटर, पण कच्छांत याहून उंच जागा नाहीं. माथ्यावरून उत्तरेस रण पसरलेलें दिसतें. याच रणांत १६ जून १८१९ च्या भूकंपानें जमिनीची लांबच लांब कड वर उचलली गेली. लोक तिला अल्लाबंद म्हणूं लागले. सिंद्रीचा किल्ला त्या वेळीं पाण्यांत गेला. डुंगरावर दत्तात्रेयाचें स्थान आहे आणि तेथें आरतीनंतर भाताचा प्रसाद आधीं कोल्ह्यांना घालतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तात्रेयांनीं आपलें अंगच देऊं केलें, अशी तेथील कथा. आम्हीं पाहिलें तेव्हां दोन आले, भराभर खाऊन गेले. मोती गाडींत होता. कांचेला नाक लावून तो थरथरत होता, पण भुंकला नाहीं.

दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रीं असतात आणि ते चार वेद, असें आम्हां सर्वांस पढविलेलें असतें. दर गुरुवारीं त्या तसबिरीला हार घालणाऱ्या आमच्या आजीनें मात्र उभ्या जन्मांत कुत्र्याला ओसरीची पायरी चढूं दिली नाहीं. तिला कोणी वेदांची आठवण दिली असती तर काय उत्तर मिळालें असतें तें आम्ही जाणतों, पण येथें छापण्याजोगें नाहीं.

परतीचा प्रवास भुजवरून झाला. भचाऊच्या पुढें अंधार पडला. मोती मागच्या आसनावर सौ.च्या मांडीवर डोकें ठेवून झोंपला होता. सूरजबारीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "उद्यां त्यांनीं किती वाजतां यायला सांगितलंय?"

"नऊ."

"मग आज रात्रीं याला खायला घालायचं नाहीं. शस्त्रक्रियेच्या आधीं पोट रिकामें लागतें ना?"

"हो."

ती शस्त्रक्रिया झाली त्याला आतां पांच महिने होतील. मोती तिसऱ्या दिवशीं उठला, दहाव्या दिवशीं गच्चीवर जाऊं लागला. जिना उतरतांना मात्र अजून हांक मारतो, तेव्हां कोणीतरी जाऊन त्याला उचलून आणावें लागतें. त्या प्रवासांत गाडींत अंथरलेली सतरंजी सौ.नें दोनदां धुतली, तरी वाळल्यावर तिच्यावर पांढरी कड उमटतेच.