डेना साठ

मोठ्या टायरांची पिकअप समोरून आली की नजर आधी टायरांवर जाते, मग बंपरवर, मग दिव्यांवर. दोन चाकांच्या मधे चिखलाने माखलेला, एका अंगाला पोट सुटलेला जो लोखंडी गडी आडवा पडलेला असतो, त्याच्याकडे वाकून कोणी बघत नाही. गाडीची सगळी ऐट मात्र त्याच्या जिवावर चाललेली असते. तो गाडीचा ॲक्सल, आणि त्याचं नाव डेना ६०. हाउसिंगच्या बरगडीवरची माती बोटाने खरवडली की ओतकामातच उमटवलेला ६० हा आकडा हाताला लागतो.

घराणं जुनं आहे. क्लॅरेन्स स्पायसर या इंजिनिअरने १९०३ साली युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट मिळवलं. आपल्या गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ बदलतात तो त्यातलाच. पुढच्या वर्षी त्याने न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला कारखाना काढला. १९१४ मध्ये चार्ल्स डेना नावाचा वकील तिथे आला, त्याने धंदा सावरला, आणि १९४६ साली कंपनीला त्याचं नाव लागलं. आज त्या कंपनीचं काम आपल्या चाकणलाही चालतं. साठ नंबरचा जन्म १९५०च्या दशकातला. तो शर्यतीसाठी किंवा सहलीसाठी घडवलेला नाही. अमेरिकेत पिकअपची अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी प्रतवारी असते. त्यातल्या एक टनवाल्यांच्या नशिबी हा आला. शेव्हरोलेटचा के३०, डॉजचा डब्ल्यू३००, फोर्डचा एफ-३५०. गुरांचे ट्रेलर ओढायचे, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटायचा, बांधकामावर माल वाहायचा. असे ट्रक गंजून भंगारात जातात तेव्हाही याच्यात दम शिल्लक असतो. मग एखादा शौकीन भंगारवाल्याच्या आवारात जाऊन याला शोधून काढतो आणि आपल्या अर्ध्या टनाच्या गाडीखाली बसवतो. याची खरी कीर्ती या दुसऱ्या नोकरीतली आहे.

नोकरी कठीण आहे. ३१ इंची टायरांच्या जागी ३७ इंची चढवले की चाकाची त्रिज्या साडेपंधरा इंचांवरून साडेअठरावर जाते. तीच चढण तेवढ्याच जोराने चढायची तर ॲक्सलच्या दांड्याला सुमारे एकोणीस टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. शिवाय रिमसकट एकेक चाक चाळीस किलोच्या पुढे जातं. हवेत उचललेलं, फिरतं चाक दगडावर आदळून एकदम थांबलं की तो सगळा झटका दांड्यावर येतो. वाळूत आणि चिखलात चाक घसरतं, त्यामुळे दांडा वाचतो. उटाहमधल्या मोआबला, जिथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांचा मेळा भरतो, तिथला वालुकाश्म टायर सोडतच नाही. रबर सरकत नाही आणि इंजिन जोर लावतंच आहे, अशा वेळी मधलं काहीतरी तुटतं. बहुतेक वेळा स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना पुढच्या चाकाजवळचा क्रॉस तुटतो, आणि जाता जाता दांड्याचे कानही फाकवून जातो.

अशा जागी साठ नंबर टिकतो, याची कारणं त्याच्या अंगात आहेत. त्याच्या पोटातला क्राउन, म्हणजे पिनियनने फिरणारं मोठं दातेरी चाक, पावणेदहा इंचांचा, धाकट्या डेना ४४चा साडेआठ. मोठ्या टायरांसाठी गिअरचं गुणोत्तर बदलावंच लागतं, ३.७३ वर चालणाऱ्या गाडीला ३७ इंची टायरांवर पूर्वीसारखी ओढ हवी तर हिशेब ४.४५ चा येतो आणि बाजारात मिळतो तो जवळचा ४.५६. गुणोत्तर वाढवलं की पिनियन बारीक होत जातो. क्राउन मोठा असेल तर तो बारीक होऊनही धडधाकट राहतो.

मला त्याचा सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याच्या वजन पेलण्याच्या रीतीमुळे. साध्या हलक्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये एकाच दांड्याला गाडीचा भारही उचलावा लागतो आणि चाकही फिरवावं लागतं. दांडा तुटला की चाक निखळायची भीती. एक टनवाल्या साठ नंबरमध्ये ही कामं वाटून दिलेली आहेत. बैलगाडीत आस जागचा हलत नाही, भार तो पेलतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. तसा इथे हाउसिंगच्या टोकाचा पोकळ स्पिंडल भार घेतो आणि त्यावर दोन बेअरिंगांनिशी हब फिरतो. पोकळीतून जाणारा दांडा फक्त फिरवण्याचं काम करतो. तो तुटला तरी चाक जागेवर असतं, आणि उरलेल्या चाकांच्या जोरावर माणूस डोंगरातून घरी येतो.

दांडा उघड्यावर काढून पाहावा. शेव्हरोलेट आणि फोर्डच्या जुन्या पुढच्या साठांमध्ये आतला दांडा ३५ दात्यांचा, दीड इंच जाडीचा असतो आणि बाहेरचा ३० दात्यांचा, १.३१ इंचांचा. फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. त्याच पोलादाचा दीड इंची दांडा दीडपट पीळ घेतो. म्हणून जाणते लोक बाहेरचा दांडाही ३५ दात्यांचा करून घेतात. फार राबलेल्या दांड्याचे सरळ दाते टोकाशी किंचित पिळलेले दिसतात. तो न बोलता दिलेला इशारा असतो, आणि त्या दांड्याला पुन्हा गाडीत घालू नये.

१९९१ पर्यंतच्या पुढच्या साठांना किंगपिन, म्हणजे चाक ज्यांच्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खुंट्या, असतात. वरच्या झाकणाचे चार बोल्ट एकसारखे सैल करत गेलं की आतली जाड स्प्रिंग झाकणाला वर रेटते. तिच्याखाली निमुळतं बुशिंग, आणि तळाशी रोलर बेअरिंग. ते बुशिंग झिजलं की चाकं थरथरतात. बुशिंग आणि स्प्रिंग बदलली की गडी पुन्हा कामाला तयार.

त्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो दोन माणसांनाही उचलवत नाही, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी जास्त हादरते. मोठ्या टायरांनी मिळवलेल्या तीन इंच उंचीतला काही वाटा त्याचं पोट खातं. त्याच्या हबला आठ बोल्ट असतात, म्हणून रिमही बदलावे लागतात. फोर्डचा पिनियन डावीकडे, शेव्हरोलेटचा उजवीकडे. पुढच्या ॲक्सलला जोर पोचवणारी ट्रान्सफर केस कुठल्या बाजूला आहे हे न बघता घेणाऱ्याचे पैसे बुडतात. स्प्रिंगची एक बैठक बऱ्याचदा हाउसिंगच्याच ओतकामात असते. ती घासून काढून नवी बसवणं हे आधी नीट तापवून ओतीव लोखंड जोडता येणाऱ्या वेल्डरचं काम आहे.

भारतात नोंदलेल्या गाडीला हा खटाटोप करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. पण कॅलिफोर्निया-कोलोरॅडोकडच्या ज्या मराठी मंडळींना डोंगरवाटांचा नाद आहे, त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: ३३ इंचांपर्यंत साठची गरज नाही, ३५ ला चांगल्या पोलादाचे दांडे घातलेला ४४ पुरतो, ३७ ला आणि त्यापुढे दगडांवर जायचं असेल तर साठच घ्या. पैसे आधी त्याला द्या, मग क्राउन-पिनियनला, मग ब्रेकना. टायर सगळ्यांत शेवटी.