एका बॅटीचा सौदा

बेसबॉल हा खेळ आम्ही मैदानावर जाऊन कधी पाहिलेला नाही, आणि त्याचे सगळे नियम आम्हांला आजही नीट उमगलेले नाहीत. तरीही त्याच्या इतिहासातील एक प्रकरण आम्ही अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहोत. एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा आणि बदल्यात त्यांचा खेळाडू किंवा रोख पैसे घ्यायचे, अशी तिकडे जुनी रीत आहे. यांपैकी काही सौदे पुढे इतके एकतर्फी ठरले की त्यांच्या याद्या झाल्या, आणि त्या याद्यांवर वादही रंगले. साताऱ्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाने या याद्यांत रमावे, याला एक खासगी कारण आहे. ते पुढे येईलच.

यादीत बहुधा सर्वांत वर असतो तो बेब रूथ. डिसेंबर १९१९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या मालकाने त्याला १ लाख डॉलरना न्यूयॉर्क यांकीजला विकले. तोवर यांकीजना एकदाही अजिंक्यपद मिळालेले नव्हते. १९२३ मध्ये ते मिळाले आणि पुढे मिळतच गेले. उलट १९१८ मध्ये अजिंक्य ठरलेल्या बोस्टनला पुढच्या अजिंक्यपदासाठी २००४ साल उजाडावे लागले. दुसरे प्रसिद्ध उदाहरण लू ब्रॉकचे. जून १९६४ मध्ये शिकागो कब्जने हा तरुण खेळाडू सेंट लुईस कार्डिनल्सला दिला आणि त्याच्या बदल्यात प्रामुख्याने एर्नी ब्रॉग्लिओ हा चेंडूफेक्या घेतला. आदल्याच हंगामात १८ सामने जिंकलेला चेंडूफेक्या मिळाला म्हणून त्या दिवशी शिकागोत समाधान होते. परंतु ब्रॉग्लिओचे कोपर दुखावलेले होते आणि शिकागोकडून तो अवघे ७ सामने जिंकू शकला. ब्रॉकच्या साथीने सेंट लुईसने त्याच वर्षी अजिंक्यपद मिळवले.

या कथांची रचना साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. त्यांत एक मूर्ख असतो, एक धूर्त असतो, आणि जे त्या दोघांनाही ठाऊक नसते ते वाचकाला आधीच ठाऊक असते. शोकात्म नाटकातील उपरोध नेमका असाच सिद्ध होतो. फरक इतकाच की येथे शेवट नाटककार लिहीत नाही. तो काळ लिहितो, आणि आपण तो वाचून झाल्यावर पहिल्या अंकातील माणसांना हसतो.

आपल्याकडे असा सौदा झाला का, याचा विचार करताना आमचे मन सांगलीला जाते. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीचा. १९३९-४० च्या हंगामात पुण्यात त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि त्या बडोद्याविरुद्ध. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी रणजी करंडक जिंकला. त्यानंतर हजारे खेळू लागले ते बडोद्याकडून, आणि जवळजवळ वीस वर्षे तिकडूनच खेळले. १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा करून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. कोणत्याही गड्यासाठी तो जागतिक विक्रम होता, आणि २००६ पर्यंत तो कोणाला मोडता आला नाही. महाराष्ट्राला मात्र १९४०-४१ नंतर आजतागायत रणजी करंडक मिळालेला नाही. बोस्टनची प्रतीक्षा शहाऐंशी वर्षांत संपली. आपली अद्याप चालू आहे.

हा सौदा रूथच्या शेजारी मांडण्याचा मोह आम्हांला अनेकदा झाला. महाराष्ट्राला तर बदल्यात एक छदामही मिळाला नव्हता. परंतु हे वाक्य लिहायला घेतले की क्रियापदापाशी लेखणी अडते. बोस्टनने रूथला विकले. शिकागोने ब्रॉकला दिले. महाराष्ट्राने हजारे यांना काय केले? काहीच नाही. हजारे गेले. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. संस्थानिक खेळाडूंना पदरी ठेवून नोकरी देत, आणि खेळाडू संस्थान निवडत. बडोद्याला जाण्यापूर्वीही हजारे काही हंगाम मध्य भारताकडून खेळले होते. ज्याला चार घास हवेत तो जाणारच. पुढे त्याच हजारे यांनी १९४७-४८ च्या दौऱ्यात ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढली, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. महाराष्ट्राचा तोटा झाला हे खरे. पण त्यांना कोणी दिले नव्हते. त्या वाक्याचे कर्ते ते स्वतः होते.

याउलट बेसबॉलच्या त्या याद्यांतील प्रत्येक वाक्यात खेळाडू हा कर्म असतो. प्रयोग कर्मणी असो वा भावे, त्याची जागा बदलत नाही. कोणी काय दिले आणि कोणाला काय मिळाले, असे दोनच रकाने त्या हिशेबात असतात. जो दिला गेला त्याचा तिसरा रकाना नसतो. कर्ट फ्लड या खेळाडूने तो मागितला. ब्रॉक ज्या संघात आला त्याच सेंट लुईसकडून फ्लड बारा हंगाम खेळला होता. १९६९ मध्ये त्याला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, तेव्हा त्याने आयुक्तांना कळवले की आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये तो हरला. खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी बांधणारे ते कलम ढिले पडले ते १९७५ च्या अखेरीस, लवादाच्या निर्णयाने. तोवर फ्लडची कारकीर्द संपलेली होती. एकतर्फी सौद्यांच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते, कारण त्या सौद्यात कोणत्या संघाचे किती नुकसान झाले हा प्रश्नच गौण ठरला.

आता आमच्या यादीप्रेमाचे कारण.

आम्ही सातवीत होतो. आमच्या आळीचा संघ होता आणि त्याचे कप्तान आम्ही होतो. आमची बॅट सुताराकडून करून घेतलेली, फळीच म्हणावी अशी. खालच्या आळीकडे मात्र दुकानातली, वेताच्या मुठीची, तेल पाजलेली बॅट होती. मे महिन्यात त्यांचा एक गडी मामाच्या गावी गेला आणि त्यांना माणूस कमी पडू लागला. आमच्याकडे एक मुलगा होता. डावऱ्या हाताने बरी गोलंदाजी करी, चेंडू ओढ्यात गेला की न सांगता उतरे, आणि फार बोलत नसे. सुट्टी संपेपर्यंत बॅट आमच्याकडे आणि तो त्यांच्याकडे, असे ठरले. ‘आम्ही ठरवले’ असे लिहिताना एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात इतरत्र जो ‘आम्ही’ आहे तोच हा आहे. बाकीच्या नऊ मुलांचा त्यात काही भाग नव्हता.

तो सामना आम्ही जिंकलो. त्याला त्यांनी शेवटी फलंदाजीला पाठवले, गोलंदाजी दिलीच नाही. त्यांचा गडी परतल्यावर त्याला कोणी बोलावले नाही, आणि आमच्याकडेही तो पुन्हा आला नाही. बेसबॉलच्या मापाने पाहिले तर सौदा आमच्या लाभाचा होता. बॅट त्याच पावसाळ्यात फुगून चिरली.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी सांगलीला गेलो असता तो अचानक भेटला. हळदीच्या एका अडतीवर हिशेब पाहतो. हौसेने आम्हांला सौदे दाखवायला घेऊन गेला. पोती फोडून हळकुंडांचे ढीग मांडलेले. व्यापारी एकेका ढिगापाशी थांबून भाव बोलत होते. मैदानाचा विषय निघणार नाही अशा आशेने आम्ही हळदीविषयी बरेच प्रश्न विचारले. त्यानेही त्यांची नीट उत्तरे दिली. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले तेव्हा या बाजारातही कशी चर्चा झाली, तेही सांगितले. मग हसून म्हणाला, “आपल्या वेळी एका बॅटीत भागायचं.”

आम्ही क्षमा मागू लागलो. कितीतरी वर्षे मनात घोळवलेली वाक्ये होती. तीं पाठांतरासारखी बाहेर पडू लागली. त्याने हाताने थांबवले.

“अरे, त्याचं काही नाही. तुला ती बॅट किती हवी होती हे मला माहीत होतं. नुसतं विचारलं असतंस, तर मी आपणहून गेलो असतो.”

चहाचे पैसे त्यानेच दिले. आम्ही खिशात हात घातला होता, पण त्याने ऐकले नाही.