दगडातला राखणदार

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दगडाचा राखणदार पाहिला आहे का? मी पाहिला आहे. त्याच्यासमोर माझी मान खाली गेली होती. तीच हकीकत आज तुम्हांला सांगतो.

आमच्या शाळेची सहल सांगलीहून साताऱ्याजवळच्या लिंब गावी गेली होती. तेथे प्रसिद्ध बारामोटेची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. जवळच्या आमराईला पाणी मिळावे हा हेतू होता. मोट म्हणजे पाणी उपसण्याची चामड्याची मोठी पिशवी. बैल ती दोराने वर ओढत. मग पाणी पाटातून झाडांपर्यंत जाई. अशा बारा मोटा या विहिरीवर चालत.

विहिरीच्या भिंतीवर कोरलेला एक प्राणी मुलांना दिसला. अंग सिंहासारखे, पण असा सिंह कोणत्याच जंगलात नसतो. मी म्हणालो, "हा शरभ. कल्पनेतला प्राणी. तो सिंहाहूनही बलवान मानला जाई, म्हणून त्याला राखणीला बसवत."

एका मुलाने विचारले, "सर, उर्दूत याला काय म्हणतात?"

मला आनंद झाला. मी म्हणालो, "शर्झा हा शब्द तुम्ही ऐकला असेल. शर्झा म्हणजे चवताळलेला. बिदरच्या किल्ल्याला शर्झा दरवाजा आहे. तो 1503 सालचा. त्यावर वाघासारखे दोन प्राणी कोरले आहेत. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ ज्या बुरुजावर आहे, तोही शर्झा बुरूज. सुलतान असोत की मराठे, राखणीला दोघांनीही असेच प्राणी नेमले."

इतक्यात त्याच मुलाने एक टोकदार खडा उचलला. त्याला भिंतीवर आपले नाव लिहायचे होते. मी त्याचा हात धरला. रागावणार होतो, पण शब्द फुटेना. सातवीत असताना मीही एका जुन्या दरवाजावरच्या अशाच प्राण्यावर खिळ्याने नाव कोरले होते. मला कोणी अडवले नव्हते. ही गोष्ट मी मुलांना सांगून टाकली.

सगळे गप्प झाले. मुलाने खडा खाली टाकला आणि हळूच विचारले, "सर, तुमचे नाव अजून तिथे असेल?"

"असेल, बाळ. दगडावरचे नाव पुसता येत नाही."

मित्रांनो, तुमच्या गावाजवळच्या जुन्या दरवाजावर, बुरुजावर किंवा विहिरीवर असा प्राणी शोधा. त्याला डोळे भरून पाहा. त्याचे चित्र वहीत काढा आणि आपले नाव त्या चित्राखाली लिहा.