तांदळांतलें नांव

आमची मुलगी हिंजवडीच्या एका कचेरींत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा. तिच्या धंद्यांतलें मला ओ कीं ठो कळत नाहीं. परवां रात्रीं उत्तरपत्रिका आटोपून उठलों, तेव्हां ती जेवणाच्या टेबलापाशीं अद्याप काम करीत होती.

"एवढें जागून करतेस तरी काय?" मीं विचारलें.

"नांवें बदलतें आहें, बाबा."

मला ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. बँका, विमा कंपन्या असल्यांचे मोठाले व्यवहार ज्या चौकटींवर उभे असतात, त्यांपैकीं एक जावाची. एका संस्थेच्या यंत्रानें दुसरीच्या यंत्राला प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळवावें, या देवघेवीला वेबसेवा म्हणतात. तिच्या 'सोप' नांवाच्या प्रकारांत प्रत्येक निरोप लिफाफ्यांत घालून जातो, आणि त्या भाषेंतहि त्याला लिफाफाच म्हणतात. (हें ऐकून मला टपालखात्याविषयीं उगाचच अभिमान वाटला.) २००३ सालच्या आवृत्तींत ही सोय त्या चौकटींत आली, पण एवढ्याशा सेवेसाठीं जोडपत्रांचीं भेंडोळीं लिहावीं लागत. २००६ सालीं नवी युक्ति निघाली. प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक खूण लिहिली कीं बाकीचें चौकट आपलें आपण समजून घेते. पोथीच्या समासांत टीप लिहीत, तसेंच. त्या खुणेचें कौतुक आमची मुलगी अजून करते.

पुढें मालकी फिरली. जावा जिथें जन्मली ती सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी २०१० सालीं ओरॅकलनें घेतली, आणि २०१७ सालीं ओरॅकलनें ही मोठ्या व्यवहारांची चौकट एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या हवालीं करण्याचें ठरविलें. चौकट दिली, नांव दिलें नाहीं. म्हणून २०१८ सालीं तिचें नांव 'जकार्ता' असें ठेविलें (शहर जावा बेटावरचेंच!), आणि २०२० सालच्या आवृत्तींत तिच्या घटकांच्या नांवांआरंभीं 'जावाएक्स' होतें तेथें 'जकार्ता' आलें. त्या आवृत्तींत याखेरीज नवें असें फारसें कांहीं नव्हतेंच.

"मग एकदम सगळीकडे बदलून टाक कीं," मीं शहाणपणा केला.

"तेंच करतां येत नाहीं. कांहीं जावाएक्स मूळ जावाच्या घरचींच आहेत. माहिती साठविणाऱ्या कोठाराशीं बोलणारीं, उदाहरणार्थ. तीं बदललीं कीं प्रोग्रॅम बंद. आणि बदलायच्यांपैकीं एक जरी जुनें राहिलें, तरी नवें घर त्याला ओळखत नाहीं. काम तेंच असतें, पण दारांतून परत."

माझी पत्नी दुधाचा पेला घेऊन आली होती. ती म्हणाली, "माझ्या अर्जासारखें."

आमचें लग्न १९९५ सालचें. तबकांत तांदूळ पसरून अंगठीनें तिचें नवें नांव मींच लिहिलें होतें. निवडलेंहि मींच, आणि मित्रांनीं माझ्या रसिकतेची तारीफ केली होती. दुसऱ्या वर्षीं तिनें एका शाळेंत शिक्षिकेच्या जागेसाठीं अर्ज केला. पदवी माहेरच्या नांवाची, अर्ज तांदळांतल्या नांवाचा. कारकुनानें कागद परत पाठविले. प्रतिज्ञापत्र, राजपत्रांतली जाहिरात, या खटाटोपांत महिने गेले आणि जागा भरली. तिनें पुन्हां अर्ज केला नाहीं. त्या कारकुनाची गोष्ट मीं पुढें किती वेळां पाहुण्यांना रंगवून सांगितली असेल! त्याच्या आवाजाची नक्कलहि मला चांगली साधत असे. आणि इतक्या वर्षांत, तें नांव बदललें कोणीं, हा प्रश्न मला एकदांहि सुचला नव्हता. कारकुनानें आपलें काम केलें होतें.

मी कांहींतरी बोलणार होतों. पण काय बोलावें तें सुचेना. आमच्या मुलीनें लग्नानंतर स्वतःचें नांव तसेंच ठेविलें आहे; त्या वेळीं मींच थोडी कुरकुर केली होती, हेंहि आठवलें.

रात्रीं एक वाजतां प्रोग्रॅम चालला. मुलीनें हात ताणून आळस दिला. पत्नी अजून खुर्चीवर बसून होती.

"माहेरचीं किती राहिलीं ग?" तिनें विचारलें.

मुलीनें मोजून सांगितलें, "चवदा."

पत्नीनें मान हालविली, आणि रिकामा पेला उचलून ती आंत गेली.