तांबडा डाग

भाऊबीज उरकली की दोन दिवस खंडाळ्याला जायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. सौ.च्या माहेरच्या नातलगांचा तिथं एक बंगला आहे आणि त्याला भाडं पडत नाही, हे त्या नेमामागचं खरं कारण. गेल्या वर्षी आमच्याबरोबर माझे साडू नाना होते. नाना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले. उमेदीचा सगळा काळ नागपूरकडं दगड फोडण्यात गेला. आणि माझ्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली कॅनडातल्या एका तांबं शोधणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक होतं.

ते माझ्या टोरांटोच्या भाच्यानं धाडलेलं. विजेच्या मोटारी आल्या, आता साऱ्या जगाला तांबं लागणार, मामा, आत्ता घेतले नाहीत तर पस्तावाल, असं त्याचं म्हणणं. पत्रकात एक नकाशा होता. कडेनं निळा, मग हिरवा, पिवळा आणि मधोमध एक तांबडाभडक डाग. त्या डागाकडं मी जितक्या प्रेमानं पाहिलं असेल, तितकं स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडंही पाहिलेलं नाही.

आता वाचकांपासून काय लपवायचं? दसऱ्यापूर्वीच मी बँकेतर्फे तीन लाख रुपये पाठवून मोकळा झालो होतो. पैसे धाकटीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते, आणि सौ.ला यातलं काही ठाऊक नव्हतं. नानांना पत्रक दाखवायचं होतं, ते सल्ल्यासाठी नव्हे, शाबासकीसाठी.

संध्याकाळी व्हरांड्यात चहा झाला. समोर नागफणीचा कडा उन्हानं तांबूस झाला होता. मला तोही शुभशकुनच वाटला. नानांनी चष्मा कपाळावर सारून पत्रक डोळ्यांशी नेलं.

"चांगलं काम केलंय," ते म्हणाले. माझी छाती फुगली. "म्हणजे पाहणीचं काम. जमिनीत सळया ठोकून वीज सोडतात आणि एकदम बंद करतात. साधा दगड लगेच गप्प बसतो. पण ज्यात गंधकमिश्रित धातूचे कण असतात, तो वीज तोडली तरी क्षणभर थोडा दाब धरून ठेवतो. तो मोजायचा आणि नकाशावर रंगवायचा."

"आमच्या आत्यांसारखंच की!" सौ. आतून म्हणाली. "भांडण मिटलं तरी तासभर धुसफूस."

नाना भलतेच खूष झाले. "अगदी बरोबर! फक्त धुसफूस ऐकू आली म्हणजे आत आत्याच आहेत, असं म्हणता येत नाही. तांब्याचं खनिज धुसफुसतं, तसं नुसतं पायराइटही धुसफुसतं. त्यात लोखंड आणि गंधक. दिसायला सोनं, विकायला गेलं तर कुणी विचारत नाही. ग्रॅफाइटही तसंच. आत कोण आहे ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही."

मग ते आपल्या जुन्या दिवसांत शिरले. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासनाला तांबं आहे, नागपूर जिल्ह्यात पुलरच्या बाजूला आहे; त्या भागात उन्हातान्हात तारा ओढीत ते हिंडले होते. दाब मोजायला मातीची सच्छिद्र भांडी लागत. त्यात मोरचुदाचं पाणी आणि तांब्याची कांडी. म्हणजे तांबं शोधायलाही आधी तांबंच घेऊन जायचं! "आणि सापडलं तरी किती? आपल्या खाणींत शंभर किलो दगडात साधारण किलोभर. तेवढं निघालं तरी आनंद. ह्या पत्रकात टक्का कुठं लिहिलाय?"

टक्का कुठंच नव्हता. नुसता डाग होता.

"इथं खंडाळ्यात नसेल का हो तांबं?" मी विषय बदलला.

"इथं सगळा काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांमागं वाहून आलेला लाव्हा, थरावर थर. इथं सळया ठोकतात त्या पाण्यासाठी."

पाण्याचं नाव निघताच पायरीवर बसलेले माळीबुवा बोलते झाले. बंगल्याच्या मागं दोन वर्षांपूर्वी एका सर्वेवाल्यानं चार सळया रोवल्या होत्या, यंत्रात पाहून जागा दाखवली होती. तीनशे फूट बोअर मारलं, नुसती धूळ निघाली. मालकांनी त्याला लाखोली वाहिली. नानांनी मात्र भोकाजवळची माती चिमटीत धरून पाहिली. दोन थरांच्या मधे लाल चिकणमातीचा पट्टा लागला असावा, ते म्हणाले. मातीतूनही वीज सहज जाते, तशीच पाणी भरलेल्या खडकातूनही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्यानं पाणी म्हटलंच नव्हतं.

रात्री जेवणावर मी शेवटचा पत्ता टाकला. पण कधीतरी लागतंच ना कुणाला?

"लागतं तर! १९६३ सालची गोष्ट," नाना म्हणाले. टेक्सस गल्फ सल्फर या अमेरिकन कंपनीनं कॅनडात विमानातून पाहणी केली. असे संशयित डाग शेकडो मिळाले. त्यांतल्या टिमिन्सजवळच्या एकावर नोव्हेंबरात भोक पाडलं, तर तांबं आणि जस्त भरभरून. कंपनीनं बातमी दाबून ठेवली आणि आतल्या मंडळींनी गुपचूप शेअर घेतले. सतरा-अठरा डॉलरचा शेअर पुढच्या मेमध्ये अठ्ठावन्नवर गेला. खटला उभा राहिला आणि १९६८ साली कोर्टानं त्यांना दोषी धरलं. "आणि १९६४च्या उन्हाळ्यात शेजारीच विंडफॉल नावाच्या कंपनीनं भोक पाडलं. ती काही बोलेना, म्हणून लोकांनी ठरवलं की घबाड लागलंय! शेअर कितीतरी पटींनी चढला. महिन्याच्या आत कळलं, आत काही नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प होते, तिकडंही आणि इकडंही. बाहेरच्यानं त्या गप्पपणाचा अर्थ कसा लावायचा, सांगा."

मीही गप्प होतो. भात गार झाला.

निजानीज झाल्यावर सौ. अंधारात म्हणाली, "नाना एवढं बोलले, आणि तुम्ही पैसे घालू की नको, हे एकदाही विचारलं नाहीत. किती पाठवलेत?"

सांगितला आकडा. ती काही बोलली नाही. घाटातून मालगाडी चढत होती; तिचा आवाज बंद झाला तरी ती बोलली नाही. नाना म्हणत होते तो वीज तोडल्यानंतरचा क्षण बहुधा असाच असावा; आमच्याकडं तो पाडव्यापर्यंत टिकला. तुळशीच्या लग्नापलीकडचा नव्हे, गुढीपाडव्यापर्यंतचा.

ज्येष्ठात पत्र आलं. पाच भोकं पाडली. चारांत पायराइट, एकात ग्रॅफाइट. शेअर विकून सत्तर हजार हाती आले. धाकटीनं शिक्षणाचं कर्ज काढलं आहे आणि हप्ते मी भरतो. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा पुन्हा खंडाळ्याला गेलो. बंगल्यामागं नवं बोअर झालं आहे, जुन्यापासून चाळीस पावलांवर. एकशे साठ फुटांवर पाणी लागलं. माळीबुवांना विचारलं, जागा कुणी दाखवली?

"त्योच की, सळयावाला," ते म्हणाले, आणि कळशी भरायला लागले.